गुहागरात उन्हाळ्यातला निवांत शनिवार-रविवार : वारंवार विचारले जाणारे प्रश्न

आमचं घर गुहागरच्या खालच्या पाटात, म्हणजे खालच्या वस्तीत आहे. पुढचं दार रस्त्यावर, मागचं दार समुद्राकडे आणि मध्ये माड-पोफळींचं आगर. माडीवरच्या तीन खोल्या आम्ही पाहुण्यांना देतो. होळी झाली की फोन सुरू होतात आणि बहुतेकांचे प्रश्न तेच असतात. चुलीवर काहीतरी ठेवलेलं असताना फोनवर अर्धवट उत्तर दिलं जातं आणि मग ते दिवसभर मनाला लागून राहतं. म्हणून सगळी उत्तरं एकदा नीट बसून लिहिली आहेत.

दोन दिवसांत काय काय बघून होईल?

हा प्रश्न सगळ्यात जास्त वेळा येतो. पाहुणे घरूनच यादी घेऊन निघतात: व्याडेश्वर, दुर्गादेवी, उफराटा गणपती, अंजनवेलचा गोपाळगड आणि दीपगृह, वेळणेश्वर, हेदवी, बामणघळ, मग तवसाळहून फेरीबोटीनं पलीकडे जयगड आणि जमलंच तर गणपतीपुळे. गाडी दामटली तर हे सगळं दोन दिवसांत बसतंही. पण असं करून आलेली माणसं रविवारी दुपारी आमच्या ओटीवर येऊन टेकतात, तेव्हा त्यांचे चेहरे मी पाहिलेत. समुद्राला लागून असलेल्या घरात राहून ती समुद्रावर जेमतेम अर्धा तास बसलेली असतात.

आमचं सांगणं एवढंच, की दोन दिवसांत बाहेरची फेरी एकच ठेवा आणि तीही सकाळची. उरलेला वेळ गावाच्या वेळेप्रमाणे जाऊ द्या. गावाची वेळ म्हणजे अशी: साडेपाचला झुंजुमुंजू होतं, वारा पडलेला असतो आणि किनाऱ्यावर चालायला याहून चांगली वेळ नाही. सातला आगरात शिंपणं सुरू होतं, पंपाचा आवाज आला की समजायचं. आठ-साडेआठला घावन किंवा आंबोळ्या. दुपारी एक ते चार बाजार झोपतो. दुकानाची फळी लागलेली असते आणि रस्त्यावर चिटपाखरू नसतं. त्या वेळात पडवीत चटई टाकून आडवं व्हावं. पाचला उन्हं उतरली की सगळं गाव हळूहळू समुद्राकडे सरकतं. मे महिन्यात सूर्य सातच्या आसपास बुडतो. त्यानंतर लगेच उठू नका, पुढची वीस मिनिटं आकाश जास्त सुंदर असतं.

कुठला शनिवार-रविवार निवडावा?

एप्रिलच्या मध्यापासून मेच्या वीस तारखेपर्यंतचा कोणताही. १ मेला जोडून सुट्टी आली असेल तर तेवढा टाळा, त्या दिवसांत चिपळूणपासूनच रांग लागते.

आता खरी गोष्ट. तारीख ठरवण्याआधी भिंतीवरच्या कालनिर्णयात तिथी बघा. भरती-ओहोटी तिथीवर चालते आणि तुमचे दोन दिवस कसे जाणार हे भरती-ओहोटीवर ठरतं. आमच्या शेजारचे काका भरतीची वेळ अजूनही बोटांवर काढतात. शाळेत पाऊणकी पाठ केलेल्या पिढीचा तो हिशेब आहे. तिथीची पाऊणपट करायची, येईल तो आकडा म्हणजे भरतीचा वाजण्याचा ठोका. चतुर्थी असेल तर चार पाऊणे तीन, म्हणजे तीन वाजता पूर्ण भरती, दुपारी आणि पहाटेही. अष्टमीला सहा. दशमीला साडेसात. पौर्णिमा-अमावास्येला बाराच्या सुमारास. त्यानंतर प्रतिपदेपासून मोजणी पुन्हा सुरू. भरतीनंतर सव्वासहा तासांनी ओहोटी. अर्धा-पाऊण तास इकडेतिकडे होतो, पण समुद्रावर जायचं की चहा टाकायचा हे ठरवायला तेवढं पुरतं.

यावरून काय घ्यायचं? पौर्णिमेच्या आसपास आलात तर भरती दुपारी आणि ओहोटी सकाळ-संध्याकाळ सहाच्या सुमाराला. उधाणाचे दिवस असल्यामुळे पाणी खूप आत जातं आणि चालायला घट्ट, ओली, सपाट वाळू मिळते. मुलांना क्रिकेट, मोठ्यांना लांब फेरफटका आणि रात्री चांदणं. अष्टमीच्या सुमारास आलात तर उलट. संध्याकाळी भरती असते, पण भांगाची, म्हणजे मवाळ, आणि लाटा सुरूच्या बनाच्या बाजूला येऊन गप्पा मारतात. मला स्वतःला पौर्णिमेनंतरचा शनिवार आवडतो.

यायचं कसं?

मुंबईहून मुंबई-गोवा महामार्गानं चिपळूण आणि तिथून मार्गताम्हाणे, शृंगारतळी करत गुहागर. कशेडीचा बोगदा सुरू झाल्यापासून घाटाचा वेळ वाचतो, तरी आठ तास धरून निघा. पुण्याहून सातारा रस्त्यानं उंब्रज, पाटण, कोयनानगर आणि कुंभार्ली घाट उतरून चिपळूण. घाट शक्यतो उजेडात उतरा. चिपळूण ते गुहागर ४५ किलोमीटरच्या आसपास आहे, वळणांचा रस्ता आहे, सव्वा तास लागतो. पेट्रोल, औषधं, मुलांची दुधाची पावडर असलं काही राहिलं असेल तर शृंगारतळीला घ्या, तिथली बाजारपेठ मोठी आहे.

रेल्वेनं यायचं तर कोकण रेल्वेचं चिपळूण स्टेशन. आरक्षण ६० दिवस आधी उघडतं आणि मेच्या गाड्या बघता बघता भरतात. गुहागरला एसटीचं आगार असल्यामुळे चिपळूणहून बस मिळत राहतात. महिलांना अर्धं तिकीट आहे, ७५ वर्षांवरच्यांना तिकीटच नाही. मला वाटतं दोघंतिघं असाल तर रेल्वे आणि एसटीच बरी. खिडकीत बसून येता येतं, आणि इथे आल्यावर गाडी फारशी लागतही नाही.

मे महिन्यात उकाडा सहन होईल का? एसी आहे का?

एका खोलीत आहे. वीज मात्र उन्हाळ्यात जाते-येते, विशेषतः मेच्या शेवटी वळवाचे ढग जमले की. त्यामुळे एसीच्या भरवशावर येऊ नका, वाऱ्याच्या भरवशावर या.

इथला पारा पुण्या-नागपूरइतका चढत नाही, पण हवेत दमटपणा असल्यामुळे घाम पाठ सोडत नाही. दुपारी बारानंतर समुद्राकडून खारे वारे सुटतात. जमीन तापते, तिच्यावरची हवा वर जाते आणि समुद्रावरची गार हवा आत येते, शाळेत शिकलेलं इथे अंगाला लागतं. आमच्या घराची मागची पडवी मुद्दाम पश्चिमेला उघडी ठेवलेली आहे. जुन्या बांधणाऱ्यांना हे ठाऊक होतं. जांभ्या दगडाच्या भिंती, वर कौलं, दोन्ही बाजूंना माडांची सावली. रात्री उशिरा उलट मतलई वारे जमिनीकडून समुद्राकडे वाहतात. मधल्या वेळेत, साधारण रात्री आठ ते दहा, वारा पडतो आणि तेवढा उकाडा खरा जाणवतो. त्या वेळी खळ्यात खाट टाकून बसतात सगळे.

सुती कपडे, टोपी, पाण्याची बाटली आणा. अकरा ते चार उन्हात फिरू नका, मुलांना तर नकोच.

समुद्रात पोहता येईल का?

पाण्यात शिरता येईल, खेळता येईल. पोहण्याबद्दल मात्र मी दर वेळी तेच सांगते आणि कोणाला राग आला तरी सांगत राहीन. तलावात पोहता येणं म्हणजे समुद्रात पोहता येणं नव्हे.

ओहोटी सुरू झाल्यावर कमरेच्या वर पाण्यात जाऊ नका. पाणी परत जाताना पायाखालची वाळू काढून नेतं आणि माणसाचा तोल जातो. दुसरी गोष्ट म्हणजे पाण्याची ओढ. किनाऱ्यावर उभं राहून दोन मिनिटं लाटांकडे बघा. सगळीकडे पांढरा फेस फुटतोय आणि मध्येच एक पट्टा शांत, जरा गढूळ दिसतोय, तिथे लाट फुटत नाही. नवख्या माणसाला तीच जागा सुरक्षित वाटते. प्रत्यक्षात किनाऱ्यावर चढलेलं सगळं पाणी त्या पट्ट्यातून आत परत जात असतं. त्यात सापडलात तर किनाऱ्याकडे तोंड करून झगडू नका, दमून जाल. किनाऱ्याला समांतर, आडवे सरका, पट्टा फार रुंद नसतो. तेही जमत नसेल तर पाठीवर तरंगत राहा आणि हात वर करा.

मुलांना गुडघ्यापर्यंतच सोडा आणि त्यांच्या नि समुद्राच्या मध्ये मोठ्या माणसानं उभं राहावं. बहुतेक आईवडील मुलांच्या मागे, कोरड्या वाळूवर उभे असतात. तसं नको. दारू पिऊन पाण्यात जाणाऱ्यांना आम्ही खोली देत नाही. मेच्या शेवटच्या आठवड्यात वारा फिरतो, दर्या खवळायला लागतो, तेव्हा पाय भिजवण्यापलीकडे जाऊच नका.

गाडी किनाऱ्यावर नेता येते का?

नाही. वाळू वरून घट्ट दिसते, पण पाण्याच्या रेषेजवळ चाक एकदा फिरलं की खाली खाली जातं. दोन वर्षांपूर्वी मेमध्ये आमच्याकडे उतरलेल्या एका कुटुंबानं सांगूनही संध्याकाळी गाडी ओहोटीच्या वाळूवर नेली. साडेसातला फोन आला. आम्ही पोचलो तेव्हा मागची दोन्ही चाकं अर्धी गडप होती आणि भरती लागली होती. फळ्या घातल्या, झावळ्या घातल्या, आठ-दहा जणांनी खांदा लावला. शेवटी शेजाऱ्यांचा ट्रॅक्टर आला तेव्हा पाणी दाराच्या खालच्या कडेला लागलेलं. गाडी निघाली, पण खारं पाणी आत गेलेलंच. त्यांची मुलगी सात-आठ वर्षांची असेल, ती रडत माझ्या सासूबाईंना घट्ट धरून उभी होती. तो प्रसंग माझ्या डोळ्यांसमोरून जात नाही.

गाडीपेक्षाही मोठं कारण वाळूच्या पोटात आहे, तिथे कासवांची अंडी असतात. ते पुढच्या उत्तरात.

कासवं बघायला मिळतील का?

एप्रिलमध्ये आलात तर चांगली शक्यता, मेच्या मध्यानंतर कमी. ऑलिव्ह रिडले जातीच्या माद्या हिवाळ्यापासून रात्रीच्या अंधारात आमच्या किनाऱ्यावर येतात, मागच्या पायांनी खड्डा करतात, शंभरच्या आसपास अंडी घालतात, वाळू सारखी करतात आणि परत जातात. पुन्हा वळून बघत नाहीत. वनविभागाची माणसं आणि गावातले कासवमित्र पहाटे पावलांचा माग काढून ती अंडी कुंपणाच्या जागेत हलवतात, कारण उघड्यावर ठेवली तर कोल्हे-कुत्री उकरतात. साधारण दीड ते पावणेदोन महिन्यांनी पिल्लं बाहेर येतात. वाळू जास्त तापलेली असेल तर त्यांत माद्या जास्त निघतात.

कोकणात या कामाची सुरुवात चिपळूणच्या सह्याद्री निसर्ग मित्र या संस्थेनं २००२ मध्ये वेळासला केली. आता गुहागरच्या किनाऱ्यावरही मोठ्या संख्येनं घरटी होतात. फेब्रुवारी २०२३ मध्ये इथल्याच दोन माद्यांच्या पाठीवर उपग्रहाशी जोडलेली यंत्रं बसवून त्यांना समुद्रात सोडलं, नावं ठेवली बागेश्री आणि गुहा. बागेश्री केरळ, श्रीलंका ओलांडून बंगालच्या उपसागरात गेली. आमच्या मागच्या दाराशी अंडी घालून गेलेला जीव तिथवर पोचतो, हे कळलं त्या दिवशी सासूबाईंनी देवासमोर साखर ठेवली होती.

पिल्लं सोडतात ती सकाळी लवकर किंवा सूर्य बुडताना. पिल्लू तळहाताच्या खोलगट भागात मावेल एवढं असतं. वाळूवर ठेवलं की क्षणभर थांबतं, मान उचलतं आणि मग चारही वल्ही मारत निघतं. पहिली लाट त्याला उलटं मागे फेकते. ते पुन्हा निघतं. दुसऱ्या-तिसऱ्या लाटेला पाणी परत जाताना त्याला सोबत घेऊन जातं आणि मग कितीही डोळे ताणले तरी दिसत नाही. हे बघताना दोरीच्या मागे उभे राहा, फ्लॅश मारू नका, हात लावू नका. वाळूतून त्याचं त्याला चालू द्यायचं असतं. आज पिल्लं आहेत की नाहीत हे आदल्या संध्याकाळी कासवमित्रांना विचारून आम्ही कळवू, पण निसर्गाची वेळ कोणी बांधून देत नाही.

जेवणात काय असतं?

घरी जे शिजतं तेच. आमच्या स्वयंपाकघरात शाकाहारीच होतं. मेमध्ये ओल्या काजूगरांचे शेवटचे दिवस असतात, मिळाले तर उसळ नक्की. फणसाची भाजी, कैरीचं सार, कुळथाचं पिठलं, भात, सोलकढी, आमरस. बरका फणस पिकला असेल तर सांदणं करतो. गऱ्यांचा रस काढून तांदळाच्या कण्यांत कालवायचा आणि वाफवायचा, वर नारळाचं दूध. उकडीचे मोदक हवे असतील तर आदल्या दिवशी सांगा, पिठी ताजी लागते.

सोलकढी आगळाची, म्हणजे कोकमाच्या खारवलेल्या रसाची करतो, रंग टाकत नाही. ती फिक्या गुलाबी रंगाची असते, गडद नसते.

मासे कुठे मिळतील?

बाजारातल्या खाणावळींमध्ये मिळतात, आणि आम्ही आनंदानं जागा सांगतो. ताज्या मासळीची हौस असेल तर असगोली किंवा पालशेतला होड्या लागण्याच्या वेळी जाऊन या. बांगडा, सुरमई, कोळंबी, खाडीकडच्या तिसऱ्या असं त्या दिवशी जे आलं ते. १ जूनपासून ३१ जुलैपर्यंत यांत्रिक होड्यांची मासेमारी बंद असते, तो माशांच्या विणीचा काळ. जूनमध्ये आलात आणि ताज्या पापलेटचा आग्रह धरलात तर ते बर्फातलंच असणार.

आंबे मिळतील का? चांगला हापूस ओळखायचा कसा?

मिळतील, आणि यावर मी जरा सविस्तर लिहिते, कारण फसवणूक इथेच जास्त होते.

आमची कलमं सड्यावर आहेत, कातळाच्या जमिनीत. आंबा चौदा आणे तयार झाला की उतरवतात. म्हणजे खांदे भरलेले, देठाजवळ खळगा पडलेला, पण फळ अजून हिरवं आणि कडक. झेल्यानं, म्हणजे जाळी लावलेल्या काठीनं काढायचा, देठ ठेवून. देठ तुटला की चीक सालीवर ओघळतो आणि तिथे काळा डाग पडतो. दापोलीच्या कृषी विद्यापीठानं नूतन झेला काढला तो यासाठीच, त्यात देठासकट फळ कापलं जातं आणि जाळीत पडतं. मग माजघरात गवताची अढी. एक थर गवत, एक थर आंबे, वर पुन्हा गवत. आठ-दहा दिवसांनी वासानं घर भरतं. सासूबाई रात्री निजण्याआधी बॅटरी घेऊन अढीपाशी बसतात. एकेक आंबा उचलून देठाशी नाक नेतात, अंगठ्यानं दाबत नाहीत कधी, दाबला की तिथे काळा पडतो. “हा उद्याचा, हा परवाचा” असं म्हणत वेगळे काढतात. त्यांचा अंदाज चुकलेला मी अजून पाहिला नाही.

विकत घेताना दोन प्रश्न विचारा: झाडावरून कधी उतरवला, आणि अढी कशाची. विकणारा बागायतदार असेल तर लगेच सांगतो. पूर्ण पिवळाधमक, एकसारखा, पण वास नसलेला आंबा दिसला तर सोडून द्या, तो औषधावर पिकवलेला असण्याची शक्यता मोठी. झाडाच्या हापूसला थोडी हिरवट झाक राहते, आणि साल किंचित सुरकुतायला लागली की तो खरा तयार. साका मात्र बाहेरून ओळखता येत नाही. कापल्यावर पांढरट, आंबट भाग निघाला तर त्यात विकणाऱ्याची लबाडी नसते, उष्णतेमुळे होतं ते.

२०१८ मध्ये हापूसला भौगोलिक मानांकन मिळालं, रत्नागिरी, सिंधुदुर्ग, रायगड, ठाणे आणि पालघर या पाच जिल्ह्यांसाठी. रस्त्यावर “रत्नागिरी हापूस” असा कागद लावलेली प्रत्येक पेटी या जिल्ह्यांतली असतेच असं नाही.

आणि हापूसच्या नादात रायवळ विसरू नका. ओंजळीत धरून, मऊ करून, देठ काढून चोखायचा तो. आगरातल्या झाडाखाली सकाळी पडलेले मुलांनी वेचावेत, त्याचे पैसे नाहीत.

पाणी जपून वापरा असं का सांगता? कोकणात तर एवढा पाऊस पडतो.

पडतो, वर्षाला तीन हजार मिलिमीटरहून जास्त. पण जांभा दगड सच्छिद्र आहे. चार महिने पडलेलं पाणी तो पोटात घेतो आणि उतारावरून खाडीला, समुद्राला देऊन टाकतो. मेमध्ये आमच्या विहिरीत खाली वाकून बघा, तळाची वाळू दिसते. त्याच पाण्यावर आगर शिंपायचं, घर चालवायचं आणि पाहुणेही. समुद्राजवळ विहीर जास्त उपसली तर खारं पाणी आत शिरतं आणि ते एकदा शिरलं की माडालाही चालत नाही. वरच्या सड्यावरच्या वाड्यांमध्ये याच दिवसांत बायका हंडे घेऊन लांब जातात.

म्हणून शॉवर नाहीत, बादली आहे. समुद्रावरून आल्यावर वाळूचे पाय मागच्या दारी ठेवलेल्या घमेल्यात धुवा. ते पाणी पोफळीला जातं.

मुलांना कंटाळा येईल का? आजी-आजोबांना झेपेल का?

मुलांना पहिल्या दिवशी दुपारी येतो, दुसऱ्या दिवशी येत नाही. गड्यांनी माडावरून शहाळं उतरवताना बघणं, वाळूतल्या खेकड्यांच्या बिळांभोवतीची गोळ्यांची रांगोळी, गोट्यासारखे पोफळीचे दाणे. मेअखेर बेगमीची कामं चालू असतात. खळ्यात आंब्याची साठं, पोह्याचे पापड, फणसपोळी वाळत पडलेली, रातांबे फोडून बरण्यांत साखरेचे थर. हात धुऊन मदतीला बसणाऱ्या मुलांना आम्ही पापडाच्या लाट्या देतो, त्या घरी गेल्यावरही लक्षात राहतात.

आजी-आजोबांसाठी खाली वेगळी एक खोली आहे, पायऱ्या नाहीत. समुद्रापर्यंतची वाट आगरातून सावलीची आहे. रात्री बॅटरी घेऊनच बाहेर पडा, पाचोळ्यात विंचू-साप असू शकतात.

व्याडेश्वराला कधी जावं?

पहाटे. अनेक चित्पावन घराण्यांचं ते कुलदैवत असल्यामुळे सुट्टीत अभिषेकांची गर्दी असते, आणि नऊनंतर फरशी तापते. वरच्या पाटातल्या दुर्गादेवीला संध्याकाळी जा. उफराट्या गणपतीची गोष्ट गावात कोणालाही विचारा. समुद्र गाव गिळायला निघाला तेव्हा गणपतीनं तोंड फिरवून पश्चिमेकडे केलं, अशी श्रद्धा आहे.

एकच फेरी करायची तर कुठली?

दोन पर्याय आहेत. दक्षिणेला वेळणेश्वर आणि हेदवी, एका सकाळीत होतात. हेदवीला दशभुज गणेशाचं देऊळ टेकडीवर झाडीत आहे, आणि खाली समुद्राजवळ बामणघळ, म्हणजे काळ्या खडकातली अरुंद भेग. भरतीला लाट त्या भेगेत घुसते आणि पाणी उंच उसळतं. ओहोटीला गेलात तर नुसता खडक दिसेल, म्हणून इथेही तिथीचा हिशेब करूनच निघा. खडक शेवाळानं निसरडा असतो, काठापासून लांब थांबा.

दुसरा पर्याय मला जास्त आवडतो. उत्तरेला धोपाव्याला जाऊन फेरीबोटीनं वाशिष्ठीच्या मुखावर पलीकडे दाभोळ. ही फेरी २००३ पासून आहे, दहाएक मिनिटांचा प्रवास. गाडीही चढते. दाभोळ आज लहान गाव आहे, पण मध्ययुगात मोठं बंदर होतं. रशियन प्रवासी निकितिन पंधराव्या शतकात इथूनच जहाजात बसून परत निघाला. बंदराजवळची आदिलशाही काळातली मशीद बघा, चंडिकेचं गुहेतलं देऊळ बघा, तिथे समईच्या उजेडातच वाकून आत जावं लागतं. बोटीत गाडीत बसून राहू नका, कठड्याशी उभे राहा. खाडीचं पाणी समुद्राला मिळतं तिथे रंगाची रेघ दिसते.

एटीएम, नेटवर्क?

गावात एटीएम आहे, बहुतेक दुकानांत मोबाइलवरून पैसे चालतात. वीज गेली की नेटवर्कही जातं, तेव्हा हजार-दोन हजार रोख जवळ ठेवा.

कुत्रा आणला तर चालेल का? दारू?

कुत्रा चालेल, पण किनाऱ्यावर साखळी सोडू नका. घरात दारू चालत नाही.

रविवारी किती वाजता निघावं?

दुपारच्या जेवणानंतर लगेच नाही, ती वेळ सगळ्यांची असते आणि पोटही जड असतं. पुण्याला जाणाऱ्यांनी अकराला निघावं म्हणजे कुंभार्ली घाट उजेडात आणि सावकाश चढता येतो. मुंबईकरांनी जमत असेल तर रविवारची रात्र राहून सोमवारी पहाटे चारला निघावं. रविवारची संध्याकाळ समुद्रावर मिळते, आणि त्या संध्याकाळी किनारा जवळजवळ रिकामा असतो. रात्री राहणार असाल तर शनिवारीच सांगा, खोली धरून ठेवू. वाटेसाठी पोळी-भाजीचा डबा आणि आंब्याच्या फोडी हव्या असतील तर आदल्या रात्री नऊच्या आत कळवा, कारण पीठ तेव्हाच भिजवावं लागतं.